बारा मोटांची विहीर आणि दहा मीटरची मर्यादा

साताऱ्याच्या उत्तरेला असलेल्या लिंब गावातील बारा मोटांची विहीर मी परवा पुन्हा पाहिली. मोट म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी उपसायची मोठी चामडी पिशवी. शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेल्या या विहिरीची खोली सुमारे ११० फूट सांगतात. काठावरून खाली वाकलो, तेव्हा मला आमच्या मळ्यातील जुनी फजिती आठवली.

मळ्यातल्या विहिरीच्या काठावर नवा पंप बसवला होता. पाणी मात्र चौदा मीटर खाली गेलेले. मोटर तासभर घरघरत राहिली, पण पाइपातून थेंबही आला नाही. आजोबा एवढेच म्हणाले, "मोटंला असलं कधी झालं नाही."

ते खरेच होते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो पाइपातील हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा जेमतेम १०.३ मीटर उंच स्तंभ तोलतो, आणि आपल्याकडे त्याहून थोडा कमीच. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी १६४४ साली हे पाऱ्याच्या नळीवरून स्पष्ट केले होते. मोटेला मात्र हवेच्या दाबाशी देणेघेणे नसते: बैल धावेवरून (विहिरीलगतच्या उतरत्या वाटेवरून) उतरतात, नाडा (जाड दोर) ताणला जातो, चाक करकरते आणि मोट थारोळ्यावर (काठावरच्या कुंडावर) येताच तिची सोंड (खालचे निमुळते तोंड) मोकळी होऊन पाणी पाटात धबाधबा पडते.

पुढे आम्ही पंप विहिरीतच खाली बांधलेल्या कट्ट्यावर उतरवला.