सातवं पाकीट

मंगळवार, रात्र

आज सातवा एमआरआय झाला. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मेंदूत आणि पाठीच्या कण्यात डाग पडत जाणारा आजार. यावेळी सुई नव्हती. गेल्या खेपांना हातातून ते गॅडोलिनियम, म्हणजे डाग उठून दिसावा म्हणून द्यायचं औषध, सोडायचे, दंडापर्यंत गार लागत जायचं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा जिथे आत्ता फुटला आहे तिथे ते झिरपतं आणि ताजा डाग चमकतो, पण तो चमकतो काही आठवडेच. शिवाय त्याचे कण थोडे का होईना मेंदूत राहतात, हे आता कळलंय. डॉक्टर म्हणाले, "मागचा स्कॅन याच मशीनवरचा आहे ना? मग नवा डाग तुलनेतच दिसेल."

तुलना. हा शब्द मी फार महागात शिकले.

सहा महिन्यांपूर्वी जुनं सेंटर सोडून नव्या ठिकाणी गेलो. रिपोर्टात लिहून आलं, तीन नवे डाग. आठ रात्री आम्ही तिघंही झोपलो नाही. आई नुसती उशाशी बसून राहायची. औषध बदलायचं, जास्त जोराचं घ्यायचं, हेही दादाशी बोलून झालं होतं. मग डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. जुनं मशीन दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप), मेंदूच्या चित्रांचे काप जाड. नवं तीन टेस्लाचं, काप पातळ. "हे डाग नवे आले की आता दिसले, यावरून सांगता येत नाही. हाच स्कॅन पहिला धरू आणि इथेच परत काढू." रिपोर्ट लिहिणाऱ्यापुढे माझी जुनी फिल्म ठेवलीच गेली नव्हती. कुणीतरी ती मागायला हवी होती, किंवा मी न मागता द्यायला हवी होती.

आज संध्याकाळी उत्तर आलं: नवा डाग नाही, जुना एकही वाढलेला नाही.

आई देवापुढे साखर ठेवायला गेली. मला मात्र लगेच हसू फुटलं नाही. कारण डावं पाऊल बाजारातून परतताना अजून घासतं, आणि दुपारी तीननंतर अंगातलं सगळं कुणी काढून घेतल्यासारखं होतं. मी ते सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली नुसती असं नाही, उठून मला बोळात पंचवीस फूट चालायला लावलं, घड्याळ लावून. मागच्या वेळी ५.८ सेकंद, आज ६.४. वीस टक्क्यांच्या आतला फरक आहे, म्हणाले, पण लिहून ठेवला. फिल्मवर डाग न वाढताही चाल मंदावू शकते. मेंदूतले सगळेच बदल फिल्मवर उमटत नाहीत, आणि पाठीच्या कण्यातला एखादा छोटा डागही चालणं अडवू शकतो. हे त्यांनी टाळाटाळ न करता सांगितलं, म्हणून मला त्यांचा आधार वाटतो.

शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली या आजाराचं वर्णन केलं, पण डाग पाहता आले ते रुग्ण गेल्यावर, शवविच्छेदनात. जिवंत माणसाच्या मेंदूतले हे डाग एमआरआयवर पहिल्यांदा १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात दिसले. मधली शंभरावर वर्षं माझ्यासारख्या बायका काय सांगत असतील, आणि त्यांचं कोण ऐकत असेल, हे आज नळीत पडल्या पडल्या मनात घोळत होतं.

रात्री पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तारीख, ३ टेस्ला, काप ३ मिमी, गॅडोलिनियम नाही. खाली कंसात ६.४. दादाला म्हटलं, पुढच्या वेळी सहावं आणि सातवं, दोन्ही पाकिटं बरोबर घ्यायची, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या हातात द्यायची.