खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये आधी कोण, नंतर कोण

भाचा परवा पुन्हा म्हणाला, "फुई, तो निळा घे ना, पिवळ्या शेपटीचा." म्हणजे ब्लू टँग. त्याला जे समजावलं तेच इथे नीट लिहून ठेवते, कारण आमच्या भुसावळ-जळगावकडे खाऱ्या पाण्याचा टँक लावायचं म्हणून मला विचारणारे आता वाढलेत आणि सगळे पहिल्यांदा विचारतात की कुठला मासा भारी दिसतो. मी पण तिथूनच सुरुवात केली होती आणि त्यात एक मासा गेला.

माझा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशोबानं अडीचशे लिटर, पण वाळू आणि रॉक टाकल्यावर पाणी दोनशेच्या आसपासच राहतं. आता ब्लू टँग दुकानात बोटाएवढा दिसतो पण पूर्ण वाढला की फूटभर होतो, आणि तो एका जागी बसणारा मासा नाहीच, दिवसभर येरझारा घालणारा आहे, त्याला माझ्या टँकमध्ये ठेवणं म्हणजे धावणाऱ्या पोराला माजघरात कोंडणं. शिवाय टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर लागतो आणि लागला की बाकीच्यांनाही देतो. म्हणून मासा बघताना आज किती आहे ते बघायचंच नाही, मोठेपणी किती होणार ते विचारायचं.

माझी चूक वेगळी होती. टँक भरला तेव्हा दुकानातून सांगितलं की आधी चार डॅमसेल (समुद्रातले छोटे, भांडखोर मासे) सोडा, स्वस्त आहेत, चिवट आहेत, सायकल होऊन जाईल. सायकल म्हणजे काय तर माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया रॉकवर जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. पहिल्या दोन्ही गोष्टी माशाला विषारीच. डॅमसेल त्यातून वाचतात हे खरं, पण कल्ले जळत जळत वाचतात. हे काम मासा न सोडताही होतं, रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, टेस्ट किटनं मोजत राहायचं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच मासा. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

आणि खरा त्रास पुढे झाला. त्या चौघांत एक डॉमिनो होता, काळाभोर, अंगावर पांढरे ठिपके. दीड महिन्यात त्यानं सगळा रॉक आपला करून टाकला. मग मी क्लाउनफिशची (नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा) जोडी सोडली आणि पहिल्या तासापासून तो त्यांच्यामागे लागला. दोघं हीटरच्या मागे कोपऱ्यात जाऊन उभी राहायची, खायला पण बाहेर येईनात, लहान्याचे पर फाटले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाळूवर पडलेला दिसला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं, कारण त्यात माशाचा काही दोष नव्हता, डॉमिनो त्याची जागा राखून राह्यला होता आणि क्लाउनला पळायला जागाच नव्हती. समुद्रात हरलेला मासा वीस फूट लांब निघून जातो, टँकमध्ये कुठे जाणार?

डॅमसेल जाळीत सापडत नाही म्हणून भाऊ आणि मी संध्याकाळी सात वाजता बसलो, अर्धं पाणी ड्रममध्ये काढलं, एकेक रॉक बाहेर घेतला, रात्री एक वाजता चारही बाहेर. जळगावला एकांकडे नुसत्या डॅमसेलचाच मोठा टँक आहे, त्यांनी ते नेले.

म्हणून आता मी मासे निवडायच्या आधी वहीत क्रम लिहिते. सगळ्यात भित्रा पहिला आत, सगळ्यात दांडगा शेवटी. नवीन येणाऱ्याला जुने त्रास देतात, तर निदान जुने तरी गरीब असावेत. दुसरं, एकाच बांध्याचे आणि एकाच रंगाचे दोन मासे एकमेकांना जास्त मारतात, म्हणून एक वाळूवरचा, एक रॉकच्या फटीतला, एक मधल्या पाण्यातला असं घ्यायचं.

माझ्या टँकमध्ये पहिला आला पिवळा वॉचमन गोबी, वाळूवर राहणारा. त्याच्यासोबत पिस्टल श्रिंप नावाची कोळंबी आणली आणि हे एक बघण्यासारखं आहे खरंच. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणत राहते आणि एक मिशी कायम गोबीच्या अंगाला लावून ठेवते, गोबी दारात पहारा देतो, काही आलं की शेपटी हलवतो, दोघं आत. आई रोज चहा घेऊन त्यांच्यासमोर बसते. दुसरा फायरफिश, तो पण फार भित्रा आणि घाबरला की उडी मारून टँकबाहेर जाणारा, म्हणून वर जाळी पाहिजेच. मग बांगाई कार्डिनल, एकच घेतला कारण दोन नर निघाले तर भांडतात. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांकडचा मासा, यातला बाप अंडी तोंडात धरून सांभाळतो. आणि सगळ्यात शेवटी पुन्हा क्लाउन.

क्लाउन घेताना एक मोठा एक लहान घ्या. ही सगळी पिल्लं जन्मतः नर असतात, त्यातला मोठा दांडगा मादी होतो, आणि मादी गेली तर नर पुढे मादी बनतो. आकारात फरक असला की कोण मोठं यावरून भांडण कमी होतं. दोन जोड्या एका टँकमध्ये नको. ॲनिमोन (समुद्रात क्लाउन ज्याच्या आसऱ्यानं राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी) नसला तरी क्लाउन मजेत राहतो. आणि टँकमध्येच जन्मलेली पिल्लं मागा, सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) आपल्याकडे त्यांची पैदास करून दाखवलेली आहे, ती खायला पण लगेच लागतात.

लायनफिश नको, तोंडात मावेल ते तो गिळतो आणि काटे विषारी. मँडरिन फार सुंदर पण कोपेपॉड नावाच्या पाण्यातल्या बारीक जिवंत किड्यांवर जगणारा, नवीन टँकमध्ये उपाशी मरतो. कोरल आणि समुद्री घोडा तर कोणी हळूच विचारलं तरी घेऊ नका, 2001 पासून दोन्हींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. माझा रॉक म्हणून सिरॅमिकचाच आहे.

आता आपल्या खान्देशचा मुद्दा. मुंबईहून थर्मोकोलच्या बॉक्समध्ये रात्रभर प्रवास करून मासा येतो, त्यामुळे आला की सरळ टँकमध्ये नाही, वेगळ्या साध्या टाकीत चार आठवडे. औषध द्यायचं तर तिथेच, कारण तांब्याच्या औषधानं कोळंबी मरते. आणि मे महिन्यात इथं 44-45 डिग्री असतं, गेल्या वर्षी टँकचं पाणी 31 ला गेलं होतं, पाहिजे 25-26. चिलर महाग आहे, मी पाण्यावर पंखा लावते, दोन-तीन डिग्री उतरतात, आपल्याकडे हवा कोरडी म्हणून कूलर चालतो ना, तेच गणित. पण पाणी रोज बोटभर उडतं आणि मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या नाही, आणि घनता 1.025 ला आहे का ते रोज बघायचं. पंख्यासाठी वर काच चालत नाही, मग फायरफिशसाठी मी मच्छरदाणीची जाळी फ्रेमवर ताणून बसवली. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्यात लाइट गेली की पंप बंद, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप कायम चार्ज असतो, आणि म्हणूनच या टँकमध्ये मुंबईवाल्यांपेक्षा एक-दोन मासे कमीच ठेवायचे हे मी ठरवलंय.

सध्या पाच आहेत. भाच्याला सांगितलंय की अजून एकाची जागा आहे पण निळ्याची नाही, आणि ती पण मे काढल्यावर, पहिला पाऊस पडून पाणी 26 ला टिकलं की आपण दोघं बसून ठरवू. तोवर त्यानं वहीत तीन नावं लिहून ठेवायची, प्रत्येकापुढे तो मोठेपणी किती होतो, काय खातो आणि गोबीला त्रास देईल का ते.