माइल्सची वही : सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५

मंडळी, माइल्सची, म्हणजे विमान कंपन्या प्रवासाबद्दल देतात आणि ज्यांवर पुढे तिकीट काढता येते त्या पॉइंट्सची, वर्षभराची नोंद आज पूर्ण केली. चाकणच्या कारखान्यासाठी सुटे भाग बघायला मला दर महिन्या-दोन महिन्यांनी पूर्वेकडे जावे लागते. या बारा महिन्यांत सिंगापूरच्या सहा फेऱ्या झाल्या, बँकॉकच्या तीन आणि हाँगकाँगच्या दोन. सगळी तिकिटे ऑफिस काढते, आणि ऑफिस सर्वांत स्वस्त तिकीट काढते. आपल्यापैकी बहुतेकांची हीच स्थिती असेल, म्हणून पुढचा सगळा हिशेब स्वस्त इकॉनॉमी तिकिटाचाच आहे.

ध्येय गेल्या वर्षीचेच : आई-बाबांना माइल्सवर सिंगापूर दाखवायचे. दोघे पंचाहत्तरीला टेकले आहेत. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

आधी शिल्लक सांगतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात सप्टेंबरमध्ये ४८,२०० माइल्स होते, ऑगस्टअखेर ९४,४७० आहेत. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकच्या एशिया माइल्समध्ये १७,००० च्या आसपास. एअर इंडियाच्या महाराजा क्लबात विस्ताराकडून आलेले जुने पॉइंट्स आणि थोडी नवी भर. आता या आकड्यांमागची गोष्ट.

मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण २,४०० मैल. सर्वांत स्वस्त भाड्यावर क्रिसफ्लायर त्याचे निम्मे देते, म्हणजे एका बाजूचे सुमारे १,२००. सहा फेऱ्यांच्या बारा बाजू धरल्या तर १४,४००. वर्षभर रात्री-अपरात्री एक्स्प्रेस-वेने मुंबई विमानतळाचे टी-टू टर्मिनल गाठायचे, पहाटे सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरून थेट मीटिंगला जायचे, आणि हाती एवढेच. पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा वाईट वाटले होते. पण याच हिशेबाने मला एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. एलिट गोल्ड या क्रिसफ्लायरच्या वरच्या दर्जासाठी (स्टेटससाठी) बारा महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स, म्हणजे उडून मिळवलेले माइल्स, लागतात. माझ्या तिकिटांवर त्यासाठी सिंगापूरच्या एकवीस फेऱ्या कराव्या लागतील. त्याखालच्या एलिट सिल्व्हरला २५,००० पुरतात, तरी त्याही अकरा फेऱ्या झाल्या. तेव्हा स्वस्त तिकिटावर सहा-सात फेऱ्या करणाऱ्याने स्टेटसचा नाद सोडावा, असे माझे ठाम मत झाले आहे. गोल्ड मिळाले तर मोठीच गोष्ट आहे, कारण ते स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघाचेही गोल्ड असते. लाउंज, जास्तीचे सामान आणि चेक-इनची वेगळी रांग या सोयी सगळ्या भागीदार कंपन्यांवर मिळतात. पण त्या दर्जामागे धावत मी दोन वर्षे उड्डाणे तीन खात्यांत वाटत राहिलो. एकाही खात्यात दर्जा मिळाला नाही आणि माइल्सही विखुरले.

यंदा ते बंद केले. स्टार अलायन्सचे जे काही उड्डाण असेल ते क्रिसफ्लायरवर, मग कंपनी कोणतीही असो.

यातही एक खाच आहे. भागीदार कंपनीच्या तिकिटावर किती माइल्स मिळतील हे बुकिंग क्लासच्या, म्हणजे तिकिटावर छापलेल्या भाड्याच्या प्रकाराच्या, अक्षरावर ठरते. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोघांना वेगवेगळे माइल्स मिळू शकतात. मुंबई-बँकॉक अंतर साधारण १,८७० मैल. माझ्या तीन फेऱ्यांपैकी दोन फेऱ्यांना पाव पट मिळाले, म्हणजे चार बाजूंचे मिळून १,८७०. तिसऱ्या फेरीचे अक्षर सगळ्यात खालचे होते, त्यावर काहीच मिळाले नाही. तेव्हापासून मी ई-तिकीट आले की आधी ते अक्षर बघतो. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कवरच्या मुलीला हे समजावून सांगितले. आता दोन तिकिटांत पाच-सातशे रुपयांचाच फरक असेल तर ती आधी मला फोन करते. या वर्षातली ही माझी सर्वांत मोठी कमाई, असे मी मानतो.

क्रिसफ्लायर खात्यात वर्षभरात वाढलेल्या ४६,२७० पैकी बाकीचे ३०,००० क्रेडिट कार्डावरून आले. कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे वळवणे हा आपल्याकडच्या बहुतेकांचा मुख्य झरा आहे, पण एकदा वळवले की परत येत नाहीत. म्हणून माझा नियम असा : प्रवासाची तारीख डोळ्यांसमोर असल्याशिवाय वळवायचे नाहीत. कार्डात असताना त्या पॉइंट्सपुढे पाच-सहा वाटा असतात, एअरलाइनकडे गेले की एकच.

मार्चमध्ये एक घाईचा प्रसंग आला. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी मुदत संपली की जातात, मधल्या काळात तुम्ही कितीही उडालात तरी. २०२२ च्या मार्चमधले ६,३०० माइल्स महिनाअखेर जाणार होते. दर १०,००० च्या गठ्ठ्यामागे १२ अमेरिकी डॉलर किंवा १,२०० माइल्स दिले की सहा महिने वाढवून मिळतात. मी डॉलर भरले. साधारण हजार रुपये गेले, पण ६,३०० माइल्स वाचले. हे सहा महिने सप्टेंबरअखेर संपतात, आणि त्यामुळेच मला आता निर्णय घ्यावा लागतो आहे.

मुदतीच्या बाबतीत कॅथे मला जास्त माणुसकीची वाटते. तिथेही पूर्वी तीन वर्षांची ठरलेली मुदत होती. २०२० पासून नियम बदलला : अठरा महिन्यांत एकदा जरी काही मिळवले किंवा खर्च केले, तरी सगळी शिल्लक जिवंत राहते. माझ्या १७,००० माइल्सची मला चिंता नाही. हाँगकाँगची एक फेरी झाली की पुढचे दीड वर्ष निवांत. जो वर्षातून एकदाच पूर्वेकडे जातो आणि हळूहळू साठवतो, त्याला मी डोळे झाकून एशिया माइल्स सुचवीन. कॅथे ज्या वनवर्ल्ड संघात आहे त्याची इतर विमानेही त्यावर मिळतात. कोरियन एअरच्या स्कायपासचे माइल्स तर दहा वर्षे टिकतात. ती योजना १९८४ ची आहे, म्हणजे आशियातल्या अगदी जुन्यांपैकी. पण माझ्या वाटेवर सेऊल येत नाही, म्हणून तिथे माझे खाते नाही.

क्रिसफ्लायर आणि एशिया माइल्स या दोघी एकाच घरातून निघालेल्या आहेत, हे मला या छंदात पडल्यावर बऱ्याच उशिरा कळले. १९९३ मध्ये सिंगापूर एअरलाइन्स, कॅथे पॅसिफिक आणि मलेशिया एअरलाइन्स यांनी मिळून ‘पॅसेजेस’ नावाची एक सामाईक योजना काढली होती. १९९९ मध्ये ती मोडली. सिंगापूरने क्रिसफ्लायर काढले, कॅथेने एशिया माइल्स. पुढे सिंगापूर स्टार अलायन्समध्ये गेली, कॅथे वनवर्ल्डच्या संस्थापकांत होती, आणि मलेशिया २०१३ मध्ये वनवर्ल्डमध्ये आली. आज या तिन्ही कंपन्यांची खाती तुलनेसाठी शेजारी-शेजारी मांडताना मला नेहमी ती मोडलेली एकत्र चूल आठवते.

योजना मोडतात, हे आपल्याइतके कोणी पाहिलेले नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, तिच्याबरोबर किंग क्लबही संपला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले. तिची माइल्स योजना जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती म्हणून खाती वाचली आणि पुढे तिचे इंटरमाइल्स झाले, पण ज्या विमानात बसण्यासाठी आपण ते माइल्स जमवले होते ते विमानच राहिले नाही. माझे त्यात बावीस हजार होते. ते मी दोन हॉटेलांच्या रात्रींत संपवले. आणि या नोंदीच्या काळातच, १२ नोव्हेंबर २०२४ ला, विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट्स एअर इंडियाकडे आले. एअर इंडियाच्या फ्लाइंग रिटर्न्स योजनेचे नाव आता महाराजा क्लब आहे. या वेळी काहीच बुडाले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. पण जेटनंतर मी एक सवय लावून घेतली : खर्चाची तारीख ठरवल्याशिवाय साठवायचे नाही. कोणत्या तिकिटाला किती माइल्स, हा तक्ता विमान कंपनी कधीही बदलू शकते. क्रिसफ्लायरने २०२२ च्या जुलैत अवॉर्डचे, म्हणजे माइल्सवरच्या तिकिटांचे, दर वाढवले, तेव्हा माझ्या शिल्लकीतला एक आकडाही हलला नाही, तरी शिल्लक लहान झाली.

एअर इंडियाबद्दल थोडे सविस्तर, कारण विचारणारे खूप आहेत. एप्रिल २०२४ पासून तिथे अंतरावर पॉइंट्स मिळत नाहीत, तिकिटाला किती पैसे मोजले त्यावर मिळतात. हा बदल कोणाच्या फायद्याचा हे तुमच्या तिकिटावर ठरते. दोन महिने आधी काढलेल्या स्वस्त तिकिटावर फारसे हाती लागत नाही. पण माझा भाचा एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ‘उद्या सकाळी दिल्लीला हजर हो’ असा निरोप आला की त्याचे तिकीट तिप्पट भावाने निघते. त्याच्यासाठी महाराजा क्लबच योग्य. त्याने तिथेच राहावे, असे मी त्याला सांगितले आहे. शिवाय एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये असल्यामुळे तिथला वरचा दर्जा बाहेरही चालतो. इंडिगोची ब्लूचिप योजना फक्त देशात फिरणाऱ्याला ठीक, पण इंडिगो कोणत्याही अलायन्समध्ये नाही, म्हणून माझ्या कामाची नाही.

आता एक तक्रार, कंपनीचे नाव न घेता. फेब्रुवारीतली एक फेरी खात्यात जमाच झाली नाही. तीन आठवडे वाट पाहून अर्ज केला, तो ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत आला. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र येते. तिकिटावर ती दोन्ही जोडून, मध्ये जागा न सोडता छापली होती. खाते उघडताना मी फक्त स्वतःचे नाव आणि आडनाव लिहिले होते. बोर्डिंग पास, ई-तिकीट आणि पासपोर्टचे पान पाठवून, चार वेळा पत्रव्यवहार करून पाचव्या आठवड्यात ते माइल्स मिळाले. बोर्डिंग पासचा कागद जपून ठेवला होता म्हणून मिळाले. सगळ्यांना कळकळीने सांगतो, खात्यातले नाव आजच पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. क्रिसफ्लायरमध्ये राहिलेले माइल्स मागायला सहा महिने मिळतात, पण फोनमधला बोर्डिंग पास त्याआधीच नाहीसा होतो. मी आता विमानात बसल्यावर त्याचा स्क्रीनशॉट काढतो.

तर निर्णय. बिझनेस क्लासला इकॉनॉमीच्या साधारण दुप्पट माइल्स लागतात. म्हणजे आई-बाबांना जाताना बिझनेसमध्ये बसवायचे आणि येताना तिकीट विकत घ्यायचे, की दोन्ही बाजू इकॉनॉमीत न्यायचे, हा प्रश्न होता. महिनाभर घोळत राहिलो. मन बिझनेसकडे ओढत होते. बाबांनी चाळीस वर्षे एसटीत नोकरी केली, त्यांना एकदा पाय पसरून झोपत जाताना बघावे असे वाटत होते. पण रात्रीचे ते उड्डाण जेमतेम साडेपाच तासांचे आहे. झोप लागते न लागते तोच उतरायची वेळ होते. आईला आणखी एक दिवस बोटॅनिक गार्डन्समध्ये बसायला मिळाले तर ते तिला जास्त आवडेल. शेवटी तिलाच विचारले. ती म्हणाली, “खुर्ची कसलीही चालेल, तू शेजारी बसशील ना?”

माझे तिकीट मी पैसे देऊन काढणार आहे, त्याच विमानात. त्या दोघांचे माइल्सवर, सेव्हर म्हणजे कमी माइल्सच्या दराने, दोन्ही बाजूंनी. जानेवारीचा दुसरा आठवडा बघितला. जायच्या दोन सीट्स लगेच मिळाल्या. यायच्या बाजूला वेटलिस्ट आहे. क्रिसफ्लायरमध्ये अवॉर्ड सीटसाठी वेटलिस्टला उभे राहता येते, ही त्यांची मला सगळ्यात आवडणारी सोय. आपण रोज सीट शोधत बसायची गरज राहत नाही.

तिकीट दुसऱ्याच्या नावाने काढायचे तर आधी त्यांना खात्यात नॉमिनी म्हणून जोडावे लागते, पाच जणांपर्यंत. परवा रात्री दोघांचे पासपोर्ट काढून बसलो. बाबांचे झाले. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढे बाबांचे नाव आहे, आणि मधली जागा आहे की नाही हे भिंगाने बघावे लागले. आहे. तशीच टंकली, दोनदा ताडून पाहिली, मग बटण दाबले.

वेटलिस्ट अजून सुटलेली नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी आई विचारते, “झालं का आपलं?”