राग उतरल्यावरचं बोलणं

गुरुवार, रात्र

मधल्या सुट्टीत आज पाचवीच्या पोरांची कबड्डी हातघाईवर आली. रेषेला पाय लागला की नाही एवढाच वाद होता, पण ऊसतोड टोळीबरोबर बीडकडून आलेल्या पोरानं समोरच्याची थेट कॉलर धरली. कान लाल, मुठी आवळलेल्या, डोळ्यांत पाणी. अशा वेळी 'का मारलंस?' विचारून काही हाती लागत नाही, हे माझं पक्कं मत आहे. भडकलेल्या पोराच्या कानात आपले शब्द शिरतच नाहीत. आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि हे लेकरू दहा वर्षांचं. त्याला नळावर नेलं. तोंड धुऊन तो पाणी प्यायला, मग आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. मी काहीच विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "राग नव्हता आला बाई. लाज वाटली. समदे हासले माझ्या बोलन्याला."

हे त्याला सांगता आलं याचंच मला मोठं समाधान आहे. वर्गातल्या बहुतेक पोरांकडे दोनच उत्तरं असतात, 'राग आला' नाहीतर 'मज्जा आली'. म्हणून दिवाळीनंतर भिंतीवर एक तक्ता लावलाय: हिरमुसलो, धास्तावलो, खट्टू झालो, हेवा वाटला, लाज वाटली. परिपाठानंतर ज्याला वाटेल तो एका शब्दावर बोट ठेवतो. कारण सांगायची सक्ती नाही. मनातल्या खळबळीला नाव मिळालं की तिचा जोर ओसरतो, हे मी रोज पाहते.

दुपारी हसणाऱ्यांशीही बोलले. हसू आवरणं हाही संयमच, आणि तो शिकवायचा राहून जातो, कारण हसणारा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

श्वासाचा सराव मात्र पोरांना मनापासून आवडतो. डोळे मिटून बसा म्हटलं की चुळबुळ सुरू होते, म्हणून मी कबड्डीच घेतली. जागेवर बसून, एका दमात, अगदी हळू आवाजात 'कबड्डी कबड्डी' म्हणत श्वास संपवायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे तो जितका सावकाश सोडू तितकं शरीर निवत जातं. सांगलीच्या पोरांना कबड्डीचा दम शिकवावा लागत नाही. पण हा सराव वर्ग शांत असतानाच व्हायला हवा. भांडण पेटल्यावर नवीन काही शिकता येत नाही.

संयमाचा विषय निघाला की अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा लहान मुलांवरचा प्रयोग हमखास सांगितला जातो: समोरचा खाऊ लगेच न खाता थांबलं तर दुप्पट, आणि जी थांबली ती पुढं जास्त यशस्वी झाली. 2018 साली जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका पडला. मला ते पटतं. 'पुढच्या वर्षी इथंच शिकशील' हा शब्द ज्याच्या बाबतीत दर हंगामाला मोडतो, त्यानं 'थांब, मिळेल' यावर का विश्वास ठेवावा? म्हणून शनिवारी खेळ घेईन म्हटलं की शनिवारी खेळ होतोच, शाळेची कितीही सरकारी माहिती भरायची असली तरी.

पालक भेटले की अजूनही म्हणतात, "बाई, दोन फटके द्या, सुधरंल." 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, हे मी सांगते. पण कायद्यापेक्षा माझं दुसरं म्हणणं त्यांना लवकर पटतं: माराच्या धाकानं गप्प बसलेलं पोर मारणारा असेपर्यंतच गप्प असतं.

पालकसभेत एकच मागणार आहे. पोर घरी चिडलं तर आधी पाणी द्या, आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत कुणी काही बोलू नका. टोळीतल्या आयाबाया सभेला यायच्या नाहीत, पहाटेच फडावर जातात. त्यांच्याकडे संध्याकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, मीच जाणार आहे, बैलगाड्या कारखान्यावरून परतल्यावर.