ताईंचा पोरगा

बूथमध्ये शिरल्या शिरल्या डबिंग डायरेक्टरने मला एका ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, जुना हिंदी भाग ऐकवला. म्हणाला, "बस, यही चाहिए. फर्क पता नहीं चलना चाहिए." दहा वर्षांच्या त्या पोराचा आवाज ताईंचा होता. कितीतरी वर्षं तो त्याच करत होत्या. क्राउडमध्ये, म्हणजे गर्दीचे आवाज काढणाऱ्या घोळक्यात, त्यांच्या शेजारी उभी राहून मी हे काम शिकले.

व्हॉइस मॅच, म्हणजे दुसऱ्याच्या आवाजाशी आपला आवाज जुळवणं, आम्हाला नवं नाही. सकाळी साबणाची जाहिरात, दुपारी सिनेमातला गलका, संध्याकाळी एखादं कार्टून, असेच आमचे दिवस जातात. पण ताईंना कळवलंय का, याचं उत्तर कुणी देईना. शेवटी ब्रेकमध्ये मीच फोन केला. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

क्षणभर थांबून म्हणाल्या, "तू करतेयस ना, मग ठीक. ऐक, त्याला कायम सर्दी असते असं मी धरलं होतं. ओरडायच्या आधी तो नाकाने तुटका श्वास घेतो. तो सोडू नकोस."

स्क्रिप्टमध्ये सर्दीचा उल्लेखही नाही. मी जुना भाग परत लावला. प्रत्येक आरोळीआधी तो श्वास होता!

ॲनिमेत तोंडाची चित्रं बहुतेक वेळा तीनच असतात: मिटलेलं, अर्धवट, उघडं. त्यामुळे अक्षराला अक्षर जुळवत बसायचं नसतं. ओठ कधी उघडले, कधी मिटले आणि मध्ये पॉज कुठे आला, एवढं पकडायचं. जपानात कलाकार पूर्वापार एकाच खोलीत, एकत्र भाग करत आले. इथे आम्ही एकेकटे, हेडफोनमधल्या जपानी पायलटशी, म्हणजे मूळ आवाजाच्या ट्रॅकशी, भांडतो. त्यात मारामारीचे एफर्ट्स, म्हणजे किंकाळ्या-हुंकार, आधी घेतले की घसा गेलाच. त्या दिवशीही आधीच घेतले. कितीदा सांगितलं तरी वेळापत्रक लावणाऱ्यांना हे समजतच नाही.

जपानात 2005 मध्ये डोरेमॉनचे आवाज बदलले. नोबुयो ओयामा 1979 पासून तो आवाज देत होत्या, त्यांच्यानंतर वासाबी मिझुता आल्या. कोण गेलं, कोण आलं, हे तिथल्या प्रेक्षकांना ठाऊक होतं. आमच्याकडे हिंदी भागाच्या शेवटी अनेकदा आमची नावंच नसतात. मग ज्याचं नावच नाही, तो गेला हे कोणाला कळवणार? हा सरळ अन्याय आहे, आणि आम्ही सगळेच तो मुकाट्याने चालवून घेतो.

भाग लागला. भाचीला फरक कळला नाही. डायरेक्टर खूश. मी मात्र अजून ठरवू शकलेले नाही, की तो पोरगा मी केला की ताईंनीच माझ्या तोंडून केला. पैसे मला मिळाले, एवढं खरं.

पुढच्या बॅचआधी स्टुडिओने ताईंना स्वतः फोन करावा आणि शेवटी दोघींची नावं द्यावीत, असं मी लेखी मागितलंय. उत्तर आल्याशिवाय तारीख देणार नाही.