शक्तिमानसोबतचा रविवार

आजचा पूर्ण दिवस, यावल तालुक्यातील आमच्या केळीबागेशेजारच्या शेडमध्ये, सैन्याच्या लिलावातून आलेल्या शक्तिमान ट्रकच्या देखभालीत गेला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ मध्ये भारतात सुरू झालेली ही बांधणी पुढे जबलपूरच्या वाहन कारखान्यात अनेक दशके चालली.

अशी गाडी चालवून झिजते त्याहून अधिक ती उभी राहून खराब होते, असे माझे ठाम मत आहे. खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की टायरच्या कडांना भेगा पडतात, ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) कडक होऊन हब (चाकाचा मधला भाग) आणि ट्रान्स्फर केस (इंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) पाझरू लागतात, आणि पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीतील दमट हवेचे पाणी होऊन ते डिझेलखाली साचते. म्हणून टाकी भरलेली ठेवणे आणि चाकांवरील भार जॅकवर घेणे मी कधीही टाळत नाही. चारही चाकांचा जोर मात्र काळ्या मातीच्या चिखलातच लावावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर, वळताना पुढची आणि मागची चाके सारख्या वेगाने फिरत नसल्यामुळे, सारा ताण गिअरवर येतो.

आता ब्रेकच्या रबरी नळ्या बदलायच्या आहेत. भुसावळ, वरणगाव परिसरातील कोणा निवृत्त लष्करी मेकॅनिकांना त्यांचे माप ठाऊक असल्यास कृपया कळवावे.