चिखलदरा-गाविलगडचा फेरा: दोन रात्री आणि सहा किलोच्या आतली सॅक

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघांच्या गटाने केलेला हा तीन दिवसांचा फेरा. परतवाड्याहून एसटीने चिखलदरा, दुसऱ्या दिवशी गाविलगड, तिसऱ्या दिवशी भीमकुंड आणि मोथ्याकडून उतरून परत. अन्न-पाणी सोडून प्रत्येकाची सॅक पाच किलो सातशे ग्रॅमच्या आसपास होती. सह्याद्रीतल्या ट्रेकची यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. तिकडे पावसाचा विचार आधी करावा लागतो, इथे हिवाळ्यात थंडी, पाणी आणि जमिनीवरून सरपटत येणाऱ्यांचा.

आधी जागेचं. गाविलगडचा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून दिवसा जायचं आणि उजेडात बाहेर पडायचं. किल्ल्यात किंवा जंगलात तंबू ठोकायचा नाही. मुक्काम गावात, विचारून, अंगणात किंवा परवानगीच्या कॅम्पच्या जागेवर. म्हणजे रात्री माणसांची वस्ती जवळ असते, आणि सामानातल्या बऱ्याच गोष्टी याच एका कारणाने गळतात.

निघायच्या आठ दिवस आधी सगळं सामान घरात पसरा आणि एकेक वस्तू काट्याला लावा. बॅगा मोजायचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो, नाहीतर किराणा दुकानातला काटा आहेच. अंदाजाने वजन कधीच कळत नाही. जीन्सची एक पँट सहा-सातशे ग्रॅम भरते आणि दवाने भिजली की दिवसभर वाळत नाही. दुहेरी भिंतीची लिटरभर स्टीलची बाटली रिकामीच चारशेच्या घरात जाते. लिटरची साधी प्लास्टिक बाटली पंचवीस-तीस ग्रॅमची असते, पाणी तेवढंच मावतं.

आमची यादी अशी निघाली: ४५ लिटरची सॅक ११०० ग्रॅम, दोघांच्या तंबूतला अर्धा वाटा १०००, स्लीपिंग बॅग १२००, फोमची मॅट ३३०, अंगावरचे सोडून बाकी कपडे ११००, बाटल्या आणि पाण्याचा फिल्टर १४०, हेडटॉर्च ९०, दहा हजार एमएएचची पॉवरबँक २२०, औषधं २००, भांडं-चमचा १००, दोरी-सुई-टेप असलं किरकोळ २००. रेनकव्हर नाही. अवकाळीची शक्यता धरून सॅकच्या आत एक जाड पॉलिथिनची पिशवी घातली की पुरे, वरून कव्हर लावलं तरी पाठीकडून पाणी शिरतंच.

वजन कमी करायला निघालेला माणूस सगळ्यात आधी तंबू टाकून ताडपत्रीवर येतो. ताडपत्रीचं वजन घेण्याआधीच काढता येतं: क्षेत्रफळ गुणिले जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. १० बाय १२ फुटांची म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. ९० जीएसएमची घेतली तर एक किलो, शेतातली २०० जीएसएमची घेतली तर सव्वादोन किलो, म्हणजे तंबूपेक्षा जड. पण खरी अडचण वजनाची नाही. ताडपत्री चारही बाजूंनी उघडी असते, आणि मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, तेव्हा कळतं. असं काही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. म्हणून या भागात तळ शिवलेला, चेनने पूर्ण बंद होणारा आतला तंबू सोडायचा नाही. ताडपत्रीच न्यायची असेल तर खाली नायलॉनची मच्छरदाणी बांधा, तिच्या कडा मॅटखाली चारही बाजूंनी खोचा आणि बूट आत घ्या. विंचवासाठीही हाच उपाय. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत स्क्रब टायफस नावाचा ताप होतो तो गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून. गवतावर नुसतं लोळण्याचीही सवय नको.

खुंट्या. पठारावर मुरूम आणि खाली काळा दगड. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक सळईच्या खुंट्या दोन ठोक्यांत वाकतात. वाय आकाराच्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या पंधराएक ग्रॅमच्या असतात, त्या टिकतात. जिथे ताण जास्त तिथे हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे, तीस ग्रॅमला एक. तेही न घुसले तर दोरीला धोंडा बांधा. खाली घाटाच्या पायथ्याला काळ्या मातीत उलट होतं: वाळून भेगा पडलेल्या जमिनीत खुंटी सहज जाते आणि तितकीच सहज निघते. तिथे लांब खुंटी, तिरपी.

थंडीचं गणित स्लीपिंग बॅगच्या लेबलवर असतं. तिथे दोन-तीन आकडे लिहिलेले असतात, त्यातला 'कम्फर्ट' म्हणून दिलेला धरायचा. सगळ्यात खालचा आकडा मोठ्या अक्षरात छापून विकलेली बॅग घेऊन पहाटे कुडकुडणारे दर हिवाळ्यात दिसतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. कम्फर्ट ५ अंशांची सिंथेटिक बॅग १२०० ग्रॅमला मिळते, पिसांची तीच ऊब सात-आठशे ग्रॅममध्ये देते पण किंमत बरीच जास्त, आणि दवाने ओली झाली तर फुगत नाही. आत जुन्या सुती लुगड्याची शिवलेली पिशवी घातली तर ऊबही थोडी वाढते आणि बॅग मळत नाही. जागा निवडताना खोलगट भाग आणि शक्कर तलावासारखा पाण्याचा काठ टाळा. थंड हवा आणि दव तिथेच साचतं. तंबूच्या वरच्या खिडक्या रात्री उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून सकाळी अंगावर गळते.

मॅट फोमचीच. हवेची मॅट हलकी आणि मऊ खरी, पण बोरी-बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ती पहिल्याच रात्री बसते. आमच्यातल्या एकीचं नेमकं तेच झालं.

आता कुसळं. गाविलगडच्या वाटेवर डिसेंबरात कुसळी गवत वाळून तयार असतं. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे पिळलेली शेपटी. दवाने ओलं झालं की शेपटीचा पीळ सुटतो आणि टोक गिरमिटासारखं कापडात शिरतं, मागे ओढलं तर येत नाही. लोकरीचे आणि सुती मोजे त्याला सगळ्यात आवडतात. गुळगुळीत नायलॉनची पँट, घोट्यावर त्याच कापडाची पट्टी, आणि शक्यतो ऊन चढून गवत वाळल्यावर निघणं. कापडात शिरलेलं कुसळ काढताना आत ढकलून पलीकडच्या बाजूने काढायचं. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) झुडपातून जाणाऱ्या वाटेलाही हीच पँट कामी येते, पातळ जाळीची सॅक मात्र फाटते.

किल्ल्यावर पाहण्यासारखं खूप आहे. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, त्यासाठी तोफा डोंगरातून ओढून उत्तरेकडे नेल्या होत्या. पूर्ण दिवस ठेवा. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो, त्यात काटछाट नाही. किल्ल्यातल्या तळ्यांचं पाणी लागलंच तर आधी कापडातून गाळून मग फिल्टरमधून काढा. गढूळ पाणी थेट घातलं की फिल्टर तुंबतो. क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या तर अर्धा तास थांबा.

स्टोव्ह नेला नाही. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला गॅसचा डबा आणता येत नाही. बर्नर, डबा आणि पातेलं मिळून सहा-सातशे ग्रॅम वाचले. जंगलात चूल पेटवायचा प्रश्नच नाही. रात्रीचं गरम जेवण गावात आधी सांगून ठेवलं तर मिळतं. दिवसाला माणशी सातूचं पीठ १००, गूळ ५०, भाजलेले शेंगदाणे १००, चिवडा १०० ग्रॅम आणि तीन दशम्या. सातूत गूळ आणि गार पाणी कालवलं की झालं. दशम्या फक्त दुधात भिजवलेल्या हव्यात, पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी वास येतो. परतवाड्याला या दिवसांत संत्री ढिगाने असतात. ती स्टँडवरच खा, वर नेऊ नका. त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं आणि सालीचं वजन वेगळं. मोथ्याला खवा मिळाला तर तो उतरतानाच्या शिदोरीत घ्या.